ठीक असतानाचा आकडा

माझ्या बहिणीकडे एक दोनशे पानी वही आहे. आत पट्टीने रेघा मारून तिने पाच रकाने केले आहेत: तारीख, वेळ, जागी की झोपेत, ताप, सॅच्युरेशन, म्हणजे बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरच्या चिमट्यावर दिसणारा ऑक्सिजनचा टक्का. भाची सात वर्षांची आहे आणि तिला सिकलसेल आहे, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वळण्याचा आनुवंशिक आजार. वाहक नव्हे, पूर्ण आजार, रिपोर्टवर ‘एसएस’ लिहिलेला. वही चार वर्षांपासून चालू आहे. शेवटच्या रकान्यात पानामागून पान ९७, ९६, ९७, ९८, ९७. मी तिची चेष्टा करायचो. “अगं ताई, दर वेळी तेच येतं, तर लिहितेस कशाला?” ती म्हणायची, “तेच येतं हे कळावं म्हणूनच.”

मागच्या वर्षी एका रात्री पोरीला ताप आला. उजव्या कुशीत दुखायला लागलं, श्वास घेताना ती खांदा आखडून घेऊ लागली. आम्ही तिला इस्पितळात नेलं. तातडीच्या विभागातल्या तरुण डॉक्टरने बोटाला चिमटा लावला. त्र्याण्णव. “नव्वदच्या वर आहे ताई, काळजीचं काही दिसत नाही. तापाचं औषध देतो, उद्या ओपीडीत दाखवा.” ताईने पिशवीतून वही काढली आणि त्याच्यासमोर उघडून धरली. तो तीन-चार पानं मागे गेला, मग पुन्हा पोरीकडे पाहिलं. “हिचं कधीच पंचाण्णवच्या खाली आलेलं नाही?” “कधीच नाही.” त्याने छातीचा फोटो काढायला सांगितलं. तो फोटो जवळपास स्वच्छ होता, तरी त्याने तिला ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या फोटोत उजव्या फुप्फुसाच्या तळाशी पांढुरका डाग उमटला होता.

सिकलसेलमध्ये फुप्फुसं अशी अचानक बिघडण्याला अ‍ॅक्यूट चेस्ट सिंड्रोम म्हणतात. सिकलसेलच्या रुग्णांना इस्पितळात दगावण्यापर्यंत नेणाऱ्या कारणांत हे अगदी वरचं. आणि ते बऱ्याचदा दुसऱ्याच तक्रारीआडून येतं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं, की ज्यांना हा त्रास झाला त्यांतले जवळजवळ निम्मे रुग्ण मुळात वेगळ्याच कारणासाठी, बहुतेक वेळा हाडं दुखतात म्हणून, दाखल झाले होते. म्हणजे छाती बिघडते ती बऱ्याचदा रुग्ण इस्पितळात पोचल्यावर. अशा वेळी पहिली खूण कोणती मिळते? पुष्कळदा फोटोआधी, स्टेथोस्कोपआधी, त्या चिमट्यावरचा आकडा दोन-चार पायऱ्या उतरलेला असतो. पण उतरला हे कळायला तो आधी कुठे होता हे ठाऊक असावं लागतं.

त्या डॉक्टरला मी दोष देत नाही. सकाळपासून उभा होता बिचारा, आणि त्याच्या डोक्यातला नव्वदचा आकडा त्याने घरून आणलेला नव्हता. न्यूमोनियाच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांत ९० च्या खाली गेलं की ऑक्सिजन लावा, असा उंबरठा आहे. लाखो मुलांना झटपट निवडायचं असेल तर तो उंबरठा उत्तम आहे. माझं म्हणणं इतकंच, की सिकलसेलच्या मुलाला तो जसाच्या तसा लावता येत नाही. त्याला त्याचा स्वतःचा आकडा हवा, बरं असताना मोजलेला, कागदावर लिहिलेला, कुठल्याही दवाखान्यात दाखवता येईल असा. आणि तो लिहून ठेवणं ही आरोग्यव्यवस्थेची जबाबदारी आहे. आईला सुचलं तर ठीक, नाही तर नाही, यावर ती सोडता येणार नाही.

हे पटायला तो चिमटा काय मोजतो हे थोडं खोलात जाऊन पाहावं लागेल.

ऑक्सिमीटरच्या एका जबड्यात दोन बारीक दिवे असतात. एक लाल, साधारण ६६० नॅनोमीटरचा, दुसरा डोळ्याला न दिसणारा अवरक्त, साधारण ९४० नॅनोमीटरचा. समोरच्या जबड्यात प्रकाश टिपणारा संवेदक. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाश पुढे जाऊ देतं आणि अवरक्त जास्त शोषतं. ऑक्सिजन सोडलेलं याच्या उलट वागतं. पण बोटात कातडी आहे, हाड आहे, शिरांमधलं रक्त आहे, तेही प्रकाश खातात. यातून धमनीतल्या रक्ताचा हिशेब वेगळा कसा काढायचा? जपानी अभियंता ताकुओ आओयागी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला हृदयाचा रक्तप्रवाह मोजायचं वेगळंच उपकरण करत होता, आणि नाडीच्या ठोक्यांमुळे त्याच्या आलेखावर लाटा उठत होत्या. त्या लाटा पुसून टाकायच्या नादात त्याच्या लक्षात आलं, की दर ठोक्याला जेवढा प्रकाश कमीजास्त होतो तेवढाच भाग धमनीचा. बाकी सगळं स्थिर. जो त्याला अडथळा वाटत होता तोच कामाचा निघाला. १९७४ मध्ये त्याने ही कल्पना मांडली. आओयागी २०२० च्या एप्रिलमध्ये वारला, जगभर लोक घरोघरी तो चिमटा बोटाला लावत होते त्याच दिवसांत.

म्हणजे यंत्र काही रक्ताची चव घेत नाही. ते दोन रंगांच्या प्रकाशाचं गुणोत्तर काढतं आणि आत साठवलेल्या एका तक्त्यात बघतं, की या गुणोत्तराला कुठला टक्का. तो तक्ता कुठून आला? निरोगी, प्रौढ स्वयंसेवकांकडून. त्यांना कमी-कमी ऑक्सिजनची हवा देत सॅच्युरेशन सत्तरपर्यंत उतरवायचं, प्रत्येक पायरीवर धमनीतलं रक्त काढून तपासायचं आणि यंत्राचं गुणोत्तर त्याच्याशी जुळवायचं. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या संस्थेच्या २०१३ च्या सूचनांत यासाठी दहा स्वयंसेवक पुरत होते, त्यांत गडद त्वचेचे किमान दोन. मूल नाही, पंडुरोगी, म्हणजे हिमोग्लोबिन कमी असलेला, नाही, आणि सिकलसेलचा तर प्रश्नच नाही.

आता दुसरी गोष्ट, जी मला स्वतःला फार उशिरा कळली. सॅच्युरेशन म्हणजे रक्तातला ऑक्सिजन नव्हे. घागरी किती टक्के भरल्या आहेत एवढंच ते सांगतं. मुळात घागरी किती, ते सांगत नाही. एक ग्रॅम हिमोग्लोबिन पूर्ण भरलं की सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहतं. ज्या मुलाचं हिमोग्लोबिन १३ आहे आणि सॅच्युरेशन ९२, त्याच्या १०० मिलिलिटर रक्तात सुमारे १६ मिलिलिटर ऑक्सिजन असतो. ज्या मुलीचं हिमोग्लोबिन ७ आहे आणि सॅच्युरेशन झकास ९८, तिच्या तेवढ्याच रक्तात नऊच्या थोडा वर. पडद्यावर हिरवा आकडा कुणाचा चमकतो? तिचा. सिकलसेलच्या मुलाचं हिमोग्लोबिन सात-आठवर रेंगाळणं हे नेहमीचंच असल्यामुळे हा हिशेब त्याच्या बाबतीत कधीच विसरून चालत नाही. फाइलमध्ये सॅच्युरेशन एका पानावर आणि हिमोग्लोबिन चौथ्या पानावर, असं जिथे असतं तिथे दोघांचा अर्थ लावायला कुणीच बसलेलं नसतं.

तिसरी गोष्ट सगळ्यांत चकवणारी. सिकलसेलचं हिमोग्लोबिन ऑक्सिजनला सैल हाताने धरतं. या रक्तात ऑक्सिजन सुटला की एस प्रकारच्या हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या करतात, आणि पेशी ताठ होऊन विळ्यासारखी वळते. ऑक्सिजन कमी झाला की पेशी वळतात, हे हान आणि गिलेस्पी या दोघांनी १९२७ मध्येच दाखवून दिलं होतं. या चिकटण्यामुळे, आणि दीर्घ पंडुरोगात पेशींच्या आत होणाऱ्या रासायनिक बदलांमुळे, रक्ताची ऑक्सिजनवरची पकड ढिली होते. त्यामुळे फुप्फुसातून येणाऱ्या ऑक्सिजनचा दाब अगदी नेहमीसारखा, समजा ९० मिलिमीटरच्या आसपास असला, तरी जिथे इतरांचं रक्त ९६-९७ टक्के भरतं तिथे अशा मुलाचं ९२-९३ वरच थांबू शकतं. फुप्फुसं ठणठणीत, श्वास नीट, मूल खेळतंय, आणि आकडा ब्याण्णव.

त्या मुक्कामात शेजारच्या खाटेवर नऊ वर्षांचा एक मुलगा होता. त्याचं नेमकं हेच. त्याच्या वडिलांनी मला सांगितलं, “याचं कायमच एक्क्याण्णव-ब्याण्णव. पाय दुखतो म्हणून आणलं, की पहिल्यांदा ऑक्सिजनची नळी लागते. मग मनगटातून रक्त काढतात. मग म्हणतात, रक्तात तर सत्त्याण्णव आलंय, तुमचं यंत्र चुकतंय.” धमनीतून रक्त काढणं काय असतं हे ज्याने पाहिलंय त्याला माहीत आहे. शिरेत सुई घालण्यापेक्षा ते कितीतरी जास्त दुखतं, आणि मूल दुखण्याने रडत श्वास रोखतं किंवा धापा टाकतं, म्हणजे जे मोजायचं तेच बदलतं.

बरं, ‘रक्तात सत्त्याण्णव’ हे तरी खरं होतं का? बहुतेक नाही. बरीच रक्तवायू यंत्रं ऑक्सिजनचा दाब मोजतात आणि त्यावरून सॅच्युरेशन गणिताने काढतात. गणितात वापरलेला वक्र, म्हणजे कुठल्या दाबाला रक्त किती टक्के भरतं ते सांगणारी रेघ, असतो सर्वसाधारण हिमोग्लोबिनचा. म्हणजे त्या मुलाच्या रक्ताचा दाब घेऊन यंत्राने दुसऱ्याच कुणाच्या रक्ताचा टक्का छापला. खरा टक्का मोजायचा तर को-ऑक्सिमीटर लागतो, जो अनेक तरंगलांबींचा प्रकाश वापरून हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजतो. रिपोर्टवर मात्र दोन्हींची ओळ सारखीच दिसते. ‘मोजलेलं’ की ‘काढलेलं’ एवढा एक शब्द तिथे ठळक छापला, तर कितीतरी वाद मिटतील.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग सोपं आहे, सिकलसेलच्या मुलाचा आकडा मुळात कमी दिसतो, दोन-तीन मिळवा आणि चला. चूक एकाच बाजूला झुकलेली असती तर हिशेब सोपाच होता. पण इथे दुसऱ्या बाजूनेही ओढ आहे. या आजारात तांबड्या पेशी सतत फुटतात, आणि फुटलेल्या पेशींच्या विल्हेवाटीत शरीरातच थोडा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो हिमोग्लोबिनला चिकटतो. दोनच दिव्यांच्या यंत्राला असं हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरलेल्यासारखंच दिसतं, म्हणून आकडा खऱ्यापेक्षा वर जातो. मेथहिमोग्लोबिन, म्हणजे ऑक्सिजन वाहू न शकणारं बदललेलं हिमोग्लोबिन, वाढलं तर आकडा ८५ च्या दिशेने ओढला जातो, खरं सॅच्युरेशन त्याच्या वर असो की खाली.

आणि त्वचेचा रंग. २०२० च्या डिसेंबरात न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये मिशिगनच्या डॉक्टरांचं एक पत्र आलं. प्रौढ रुग्णांत जिथे ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत होता, तिथे धमनीच्या रक्तात सॅच्युरेशन प्रत्यक्षात ८८ च्या खाली असल्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के होतं आणि गोऱ्यांत ३.६ टक्के. गडद त्वचेत यंत्र जास्त दाखवतं, ही शंका डॉक्टरांनी त्याच्या तीस वर्षं आधीच, १९९० मध्ये, बोलून दाखवली होती. महासाथ आली, श्रीमंत देशांतल्या इस्पितळांत माणसं मेली, तेव्हा कुठे ती सगळ्यांना ऐकू गेली. २०२१ मध्ये एफडीएने इशारा काढला आणि २०२५ च्या जानेवारीत चाचण्यांचे नियम कडक करणारा मसुदा आणला, ज्यात स्वयंसेवकांची संख्या दहावरून दीडशेपर्यंत नेण्याची आणि त्वचेच्या छटा नीट मोजण्याची भाषा आहे.

आता सिकलसेलची मुलं जगात कुठे जन्मतात ते पाहा. २०२१ मध्ये या आजारासह जन्मलेल्या बाळांची संख्या सुमारे ५ लाख १५ हजार असल्याचा अंदाज आहे, आणि त्यांतली तीन चतुर्थांशांहून जास्त सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत. बाकीची बरीचशी भारत, अरबस्तान, भूमध्य समुद्राचा काठ आणि अमेरिकेतल्या आफ्रिकी वंशाच्या घरांत. म्हणजे ज्या मुलांचा त्वचेचा रंग यंत्राला चकवतो, ज्यांचं हिमोग्लोबिन यंत्राच्या तक्त्यात नाही, ज्यांची बोटं यंत्राच्या चिमट्याहून लहान आहेत, तीच मुलं या यंत्रावर सगळ्यांत जास्त अवलंबून आहेत. मला यात कट दिसत नाही. पण कुणाला सोयीचं ते मोजून बाजारात उतरायचं आणि बाकीच्यांनी आपापलं जुळवून घ्यायचं, ही रीत मात्र नक्की दिसते.

लहान बोटांचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. मोठ्या माणसाचा चिमटा लहान मुलाच्या बोटाला लावला की प्रकाशाचा काही भाग बोटातून न जाता बाजूने निसटतो. हात गार असेल तर नाडी संवेदकापर्यंत धड पोचत नाही. मूल हलत असेल तर यंत्र हालचालीलाच ठोका समजतं. नखाला रंग असेल तर तोही प्रकाश खातो. त्या इस्पितळातली एक परिचारिका मोजायला आली की आधी पोरीचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ऊब द्यायची. मग मुलांचा, चिकटपट्टीसारखा प्रोब लावायची, आणि आकड्याकडे न बघता लाटेकडे बघायची. लाट एकसारखी झाली, नाडीचा आकडा मनगटावरच्या ठोक्यांशी जुळला, तसाच मिनिटभर राहिला, की मग लिहायची. बाकीचे चिमटा लावायचे, पहिला आकडा टिपायचे आणि पुढच्या खाटेकडे वळायचे. दोघांच्या नोंदी तक्त्यावर एकाखाली एक, एकाच शाईत.

या सगळ्या गोंधळात मग विश्वास ठेवायचा तरी कशावर? माझ्या मते उत्तर ताईच्या वहीत आहे. मुलाचा वक्र, त्याची कातडी, त्याच्या रक्तातला कार्बन मोनॉक्साइड, हे रातोरात फारसं बदलत नाही. यंत्र त्याच्या बाबतीत दोनने चुकत असेल तर ठीक असतानाही साधारण तेवढंच चुकेल आणि आजारी पडल्यावरही. म्हणून एकटा आकडा जितका फसवा, तितका दोन आकड्यांतला फरक फसवा नाही. भाचीचं ९३ म्हणजे चारने घसरण, तातडीची गोष्ट. त्या मुलाचं ९२ म्हणजे त्याचा रोजचा दिवस. ब्रिटनच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनी उंबरठा वर उचलला, दुखणं घेऊन आलेल्या रुग्णाचं सॅच्युरेशन ९५ किंवा त्याखाली असेल तर छातीची शंका घ्या असं सांगितलं. नव्वदपेक्षा हे नक्कीच बरं. त्याने भाची सापडली असती. पण तो मुलगा दर खेपेला विनाकारण अडकला असता, आणि विनाकारणची किंमत नुसत्या सुईत नसते. गरज नसताना दिवसेंदिवस ऑक्सिजन चालू ठेवला तर शरीर नव्या तांबड्या पेशी बनवण्याचा वेग कमी करतं. ज्या मुलाच्या पेशी दोन-तीन आठवडेच जगतात त्याला हे परवडणारं नाही.

फक्त, ठीक असतानाचा आकडा एकदाच मोजून फ्रेम करून लावता येत नाही. पहिल्या काही महिन्यांत बाळाच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन भरपूर असतं, ते ऑक्सिजन घट्ट धरतं आणि पेशींना वळू देत नाही. सहा महिन्यांनंतर ते ओसरत जातं. हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलवरचं औषध सुरू केलं की तेच हिमोग्लोबिन पुन्हा वाढतं. रक्त चढवलं की काही आठवडे अंगात दुसऱ्याच्या साध्या पेशी फिरत असतात आणि आकडा चांगला दिसतो. व्हॉक्सेलोटॉर नावाचं औषध २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं होतं, त्याचं कामच हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरची पकड घट्ट करणं हे होतं; २०२४ च्या सप्टेंबरात कंपनीने ते जगभरातून मागे घेतलं. ज्यांनी ते घेतलं असेल त्यांचे त्या काळातले आकडे आधीच्या-नंतरच्या आकड्यांशी जुळवून चालणार नाहीत. म्हणून नुसतं ‘९६’ लिहिणं पुरेसं नाही. तारीख, त्या दिवशीचं हिमोग्लोबिन, कुठलं औषध चालू, शेवटचं रक्त कधी चढवलं, जागी की झोपेत, हवेवर की ऑक्सिजनवर. एवढं लिहायला अर्धा मिनिट लागतो.

झोपेचा रकाना ताईने कुठल्याशा डॉक्टरांच्या सांगण्यावरून घातला होता, आणि तो योग्यच होता. लंडनच्या संशोधकांनी ९५ रुग्णांचं रात्रभराचं सॅच्युरेशन मोजून त्यांच्यावर साधारण सहा वर्षं लक्ष ठेवलं आणि २००१ मध्ये द लान्सेटमध्ये लिहिलं, की रात्रीची सरासरी ज्यांची कमी, त्यांना पक्षाघातासारखे मेंदूचे त्रास होण्याचा धोका जास्त. कारण आणि परिणाम यांची साखळी अजून पुरती जुळलेली नाही. पण मोठे टॉन्सिल, घोरणं, मधेच श्वास अडकणं हे या मुलांत पुष्कळ दिसतं, आणि ते दिवसाच्या ओपीडीत, बाकावर बसलेल्या जाग्या मुलाच्या बोटावर कधीच सापडणार नाही.

आता आक्षेप. मी हे बोललो की डॉक्टर मित्र पहिल्यांदा म्हणतात, घरोघरी चिमटे दिले तर आयांना वेड लागेल, दर तासाला मोजतील. खरं आहे. माझी ताईसुद्धा सुरुवातीचे सहा महिने तशीच होती. आणि त्याहून वाईट उलटं होऊ शकतं: आकडा चांगला आहे म्हणून ताप अंगावर काढला जातो. सिकलसेलच्या मुलाला ३८.५ अंश सेल्सियसच्या वर ताप म्हणजे सॅच्युरेशन शंभर असलं तरी दवाखाना, कारण त्याची प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते आणि जंतू काही तासांत रक्तात पसरतात. म्हणून मी घरी चिमटा द्याच असं म्हणतच नाही. मी म्हणतो, मूल तपासणीला येतं तेव्हा, ते बरं असताना, शांत बसवून, योग्य प्रोबने मोजा आणि त्याच्या कार्डावर लिहा. कुटुंबाकडे यंत्र नसलं तरी चालेल, आकडा हवा.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. यंत्र या मुलांवर तपासून घ्या म्हणता, पण तपासायचं कसं? निरोगी प्रौढाला सत्तरपर्यंत उतरवता येतं. सिकलसेलच्या मुलाचा ऑक्सिजन मुद्दाम कमी करणं म्हणजे त्याच्या पेशी मुद्दाम वळवणं. कुठलीही नीतिसमिती ते मान्य करणार नाही आणि करूही नये. पण अतिदक्षता विभागात, शस्त्रक्रियेत, ज्या मुलांच्या धमनीतलं रक्त उपचारासाठी घेतलंच जातं, त्या क्षणी बोटावरचा आकडा, प्रोबचा प्रकार आणि को-ऑक्सिमीटरचं उत्तर शेजारी-शेजारी नोंदवायला कुणाची हरकत आहे? एकही जादा सुई लागत नाही. अशा नोंदी अनेक इस्पितळांच्या एकत्र केल्या तर काही वर्षांत या मुलांसाठी खरा तक्ता उभा राहील. तोवर निदान खोक्यावर स्पष्ट छापा: हे उपकरण सिकलसेलच्या रुग्णांवर पारखलेलं नाही. औषधाच्या बाटलीवर इशारे सक्तीचे असतात, मग यंत्राला सूट कशाला?

तिसरं म्हणणं असतं, वेळ नाही. यावर मी वाद घालत नाही, पण त्याच इस्पितळात एक गोष्ट पाहिली. भाचीच्या खाटेपाशी फुंकणीसारखं दिसणारं, पण श्वास आत ओढायचं एक प्लॅस्टिकचं खेळणं ठेवलं होतं, आत तीन रंगीत चेंडू. बरगड्या दुखतात म्हणून मूल उथळ श्वास घेतं, फुप्फुसाचा तळ मिटतो आणि तिथेच आजार घर करतो. म्हणून दर दोन तासांनी दहा मोठे श्वास ओढून चेंडू वर न्यायचे. १९९५ च्या एका छोट्या चाचणीत असं करून घेतलेल्या १९ वेळच्या भरतीत एकदाच फुप्फुसात बिघाड झाला, न करून घेतलेल्या १९ वेळच्या भरतीत आठदा. हे करून घ्यायलाही कुणाला वेळ नव्हता. ते ताईने केलं, घड्याळ लावून, रात्रीच्या दहापर्यंत. शेजारच्या मुलाच्या वडिलांनी तिचं बघून आपल्या मुलाकडून करून घेतलं. व्यवस्थेला जो वेळ मिळत नाही तो शेवटी कुणाच्या तरी आईच्या झोपेतून कापला जातो.

सहाव्या दिवशी भाचीला घरी सोडलं. डिस्चार्जच्या कागदावर वजन होतं, हिमोग्लोबिन होतं, औषधांची यादी होती, पुढची तारीख होती. ताईने विचारलं, “सिस्टर, सॅच्युरेशन कुठे लिहिलंय?” ती परिचारिका, हात ऊबदार करणारी तीच, कागद उलटसुलट करून बघू लागली. तसा रकानाच छापलेला नव्हता. मग तिने पोरीला बाकावर बसवलं, हात हातात घेतला, प्रोब लावला, लाट स्थिर होईतो थांबली, आणि कागद आडवा धरून समासात पेनाने लिहिलं: आजची तारीख, जागी, हवेवर, एच्‌बी ८.१, सॅच्युरेशन ९६. खाली सही केली. ताईने घरी आल्यावर तो तुकडा कापून वहीत चिकटवला.